सोनटेकच्या माळावरचा वारा

"हे पळतंय किती?" सम्राट इंगवलेनं विचारलं.

"पन्नास," मी म्हणालो. "पाठीमागून वारा असला तर साठ."

"मिनिटाला?"

"तासाला."

तो हसला. त्याच्या मागे उभे असलेले सात-आठ जणही हसले, कारण तो हसला की हसायचं एवढंच त्यांचं काम होतं.

"म्हणजे आमच्या आप्पांची लुना ह्याला ओव्हरटेक करंल की ओ!"

पुन्हा हशा. मीही हसलो. पगारी माणूस होतो.

अकरा वर्षं झाली याला. कोल्हापुरापासून तासाभराच्या अंतरावर सोनटेकचा माळ आहे, तिथे गाड्यांच्या शर्यतीचा ट्रॅक होता आणि त्या दिवशी मोसमाची शेवटची शर्यत होती. सम्राट इंगवले म्हणजे पेपरवाल्यांचा 'कोल्हापूरचा बुलेट'. तीन वेळा देशात पहिला. त्याचं पोस्टर लावलं नाही असं केशकर्तनालय त्या वेळी आमच्या जिल्ह्यात नव्हतं.

आणि मी कॅप्टन मधुसूदन गुळवणी, मुक्काम मिरज. हवाई दलात वीस वर्षं मालवाहू विमानं उडवली. निवृत्त झाल्यावर बरोबरीचे सगळे मोठ्या प्रवासी विमानांवर गेले, मी एअरशिप घेतलं. पन्नास मीटर लांब, पोटात हेलियम, खाली मारुती व्हॅनएवढी केबिन आणि दोन्ही बाजूंना भल्यामोठ्या अक्षरांत 'झुंजार टायर'. लोक त्याला फुगा म्हणायचे. सासरी माझी ओळख करून देताना मेव्हणे श्रीपादराव सांगायचे, "हे आमचे जावई. फुगा उडवतात." मग समोरचा माणूस माझ्या हातात दोरी शोधायचा.

टायर कंपनीच्या जाहिरात खात्याचा साहेब होता सबनीस. इंगवले झुंजार टायरचा चेहरा, आणि चेहऱ्याला फुग्यात बसवून कॅमेऱ्यात धरायचं ही सबनीसची कल्पना. सकाळीच येऊन त्यानं मला बजावलं होतं.

"गुळवणी, साडेबाराला वर, एकला खाली. दोनला ड्रायव्हरांची हजेरी असते. हजेरीला नसला की शर्यतीतून बाद आणि गाडीत राखीव ड्रायव्हर. नियम आहे, तिथे माझ्या बापाचंही चालत नाही. त्याला उशीर झाला तर पुढच्या वर्षी फुगा नाही आणि तुम्हीही नाही."

"एअरशिप," मी म्हणालो.

"तेच ते."

तर असा तो थोर पाहुणा आला. शिडीच्या डाव्या अंगाला उभं राहून मी हात पुढे केला. पठ्ठ्यानं हाताकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तसाच शिडी चढला आणि चढताना दाराच्या डाव्या चौकटीवर दणकन खांदा आपटून घेतला. मला जरा बरं वाटलं.

"शहात्तर किलो," खालून दस्तगीर मुजावर ओरडला आणि त्यानं शहात्तर किलोची वाळूची पोती केबिनमधून खाली ओढून घेतली.

हा दस्तगीर माझ्या जमिनीवरच्या बारा माणसांचा मुकादम. एअरशिपला चाक एकच, ब्रेक नाही. उतरताना नाकाला बांधलेले दोर खाली लोंबतात, बारा जण पळत येऊन ते धरतात आणि मग ते थांबतं. आणि आमच्यात एक रीत आहे, तिला अपवाद नाही. माणूस चढला की त्याच्या वजनाची वाळू बाहेर. माणूस उतरणार असेल तर आधी वाळू आत, मग माणूस बाहेर. हे चुकलं की हलकं झालेलं धूड वर उसळतं आणि दोर धरलेल्या माणसांनाही उचलून नेतं. दस्तगीरच्या एका चुलतभावाचा पाय असाच मोडला होता. त्यामुळे पोत्यांच्या बाबतीत तो मुख्यमंत्र्यालाही खोळंबून ठेवायचा. एकदा एका आमदाराला ठेवलं होतं.

वर गेलो. मी डावीकडच्या खुर्चीत, बुलेट उजवीकडच्या. खाली माळ, ट्रॅक, गर्दी. वर आलं की लोक साधारणपणे "अय्या" किंवा "बापरे" म्हणतात. हा काहीच म्हणाला नाही. मी थर्मासमधला चहा कपात ओतून त्याच्या खांद्याशी धरला. साहेब समोर बघतायत. मी कप धरून. साहेब समोरच बघतायत. शेवटी तो चहा मीच प्यालो. आमचा गवती चहा घातलेला चहा त्यांच्या इभ्रतीला झेपला नसता.

"कॅप्टन, आता त्यांच्या हातात द्या," रेडिओवर सबनीस. "कॅमेरा चालू आहे. दिसलं पाहिजे की तेच उडवतायत."

द्या तर द्या. पायाशी दोन पेडल, दाबलं की नाक डावी-उजवीकडे. खुर्चीच्या बाजूला एक मोठं चाक, ते फिरवलं की वर-खाली. दोघांकडेही तेच. सोपं आहे. फक्त आत्ता दाबलेलं पेडल एअरशिपला चार-पाच सेकंदांनी कळतं. इंगवलेनं उजवं पेडल दाबलं. काही झालं नाही. अजून दाबलं. मग एकदम नाक वळायला लागलं तसा तो घाबरून डावीकडे, तेही जोरात. आम्ही दारू प्यालेल्या माणसासारखे आभाळात झुलायला लागलो.

"दाबा आणि थांबा," मी म्हणालो.

"थांबू?"

"हो. तुमच्या धंद्यात हे फारसं करत नाहीत, ठाऊक आहे मला."

मला फार मजा येत होती, खोटं कशाला बोलू. पाच-सात मिनिटांत त्याला जमलंही. मग तो हळूहळू डावीकडे सरकायला लागला. डावीकडे टेकडी आणि टेकडीवर मोबाईलचा टॉवर, लाल-पांढरे पट्टे ओढलेला, आंधळ्यालाही दिसेल असा. मी गप्प बसलो. म्हटलं, बुलेटला जरा घाम फुटू दे. टॉवर जवळ आला. आणखी जवळ आला. इंगवले आपला निवांत.

"टॉवर," मी म्हणालो.

"कुठं?"

"अहो, डावीकडे!"

त्यानं मान वळवली. पूर्ण, हनुवटी खांद्याला टेकेपर्यंत. आणि ओरडला. मी पेडल माझ्याकडे घेतलं आणि भरपूर अंतर राखून वळण घेतलं. तेवढं अंतर मी ठेवलंच होतं. 

हात, चौकट, चहा, टॉवर. मला उशिरा समजतं, पण समजतं. मी उजवा हात मांडीवरून उचलला आणि त्याच्या डाव्या कानाशेजारी तीन बोटं धरली.  नुसती धरून ठेवली. खांदा दुखायला लागला.

"हात खाली घ्या, कॅप्टन," तो समोर बघत म्हणाला. "काचंत दिसतंय मला."

मी हात खाली घेतला.

"कधीपासून?"

"ऑगस्ट. सराव करताना गाडी भिंतीवर गेली, पेपरात आलतं की. डोळ्याचा आतला पडदा सुटला. दोन ऑपरेशनं झाली. डावा गेला तो गेलाच."

"कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"पुण्याचा डॉक्टर. मी." थोडं थांबून म्हणाला, "आणि आता फुगेवाला."

"आणि ऑगस्टपासून शर्यती?"

"दोन पळवल्या. एकीत आठवा आलो, एकीत गाडी बंद पडली. एप्रिलात मेडिकल आहे, तिथं सगळं बाहेर येणारच. त्याआधी ही एवढी एकच. मग बास."

"आणि डावीकडून जो येईल," मी म्हणालो, "त्याला कुणी सांगितलंय का, की ही एवढी एकच आहे म्हणून?"

 मला त्याचा राग आला होता, भयंकर राग. चोवीस गाड्या, सगळ्या पोरांच्या आया घरी टीव्हीसमोर बसलेल्या, आणि हा एका डोळ्यानं अडीचशेच्या वेगानं त्यांच्यात शिरणार.

"नका पळवू. सांगा की बरं नाही."

"कुणाला सांगू? आप्पा आलेत. गावाकडनं चार ट्रक भरून माणसं आल्यात, हलगी घेऊन. त्यांच्यापुढं जाऊन म्हणू, तुमचा बुलेट आंधळा हाय?"

"एकाच डोळ्यानं."

"लई धीर दिलासा."

खाली एका वळणावर माणसं मुंग्यांसारखी गोळा होत होती. तो तिकडं बघत बसला. सव्वा वाजला होता. सबनीसचा रेडिओ खरखरला, "गुळवणी, झालं शूटिंग, उशीर झालाय. खाली या." मी "येतो" म्हणालो.

"माझ्यानं सवताहून थांबणं व्हायचं न्हाई," इंगवले म्हणाला. मघाची शहरी बोली कुठल्या कुठे गेली होती. "कुणी अडवलं तर गोष्ट निराळी." आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं, "इथं दुपारचा वारा सुटतो का ओ?"

मी खाली पाहिलं. आमच्या मैदानाच्या कडेला खांबावर वाऱ्याचा कापडी बोंगा होता, पट्ट्यापट्ट्यांचा. वारा असला की फुगून आडवा होतो. तो वाळत घातलेल्या पायजम्यासारखा सरळ खाली लोंबत होता.

पुढच्या वर्षी फुगा नाही आणि तुम्हीही नाही. मला ते एअरशिप आवडायचं. लोक हसायचे, मीही हसण्यावारी न्यायचो, पण सकाळी त्यात बसून माळावरून हळूहळू जाताना मला जे वाटायचं ते हवाई दलातल्या वीस वर्षांत एकदाही वाटलं नव्हतं. दुसरं कुठलं मला मिळणार नव्हतं, देशात ते एकच होतं. 

"सुटतो," मी म्हणालो. "कधी कधी."

मग मी रेडिओ उचलला. "दस्तगीर, येतोय. वारा आहे, सांभाळून."

 "वारा, साहेब?"

"वर आहे."

"बरं."

आम्ही उतरायला आलो. बारा माणसं पळत आली, दोर हाताशी आले, आणि मी नाक वर घेतलं. माणसं वर बघत राहिली. दुसऱ्यांदा आलो, दुसऱ्यांदा तेच. दस्तगीरच्या माणसांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला असणार, आणि त्यांचं चूक नव्हतं.

"गुळवणी!" सबनीस. "पावणेदोन! काय चाललंय?"

"वारा आहे."

"कुठाय वारा? माझ्या टेबलावरचा कागद हलत नाहीये!"

"तो खालचा. वरचा वेगळा असतो."

"मग शिडी टाका! दोर टाका! काहीतरी करा!"

"तुम्ही धरता का खाली?" मी विचारलं. त्यावर तो जे बोलला ते सगळं टीव्हीवाल्यांच्या टेपवर आहे.

आणि तेवढ्यात खाली ट्रॅकवर इंजिनं सुरू झाली. एक, मग चार, मग सगळी. आवाज वर आमच्यापर्यंत आला, पाठोपाठ हलगीचा, आणि मग माणसांचा. "इंगवले! इंगवले!" मी शेजारी पाहिलं. त्याचा उजवा पाय रिकाम्या जागेत दाबत होता. ॲक्सिलरेटर असतो तिथे.

"उतरवा," तो म्हणाला.

"अहो, आत्ताच..."

"उतरवा म्हणतोय. ही शेवटची हाय माझी. मला पळवायची हाय."

"वारा..."

"खड्ड्यात गेला वारा!" त्यानं रेडिओचा माईक ओढून घेतला. "आत्ता सांगतो त्या सबनीसला, हा माणूस मुद्दाम फिरवतोय म्हणून. मग बघा तुमचं लायसन ऱ्हातंय का."

ते त्यानं सांगितलं असतं. माझं लायसन गेलं असतं, त्याची शर्यत झाली असती आणि वर माझं कुणी खरं मानलं नसतं. फुगेवाल्याचं कोण मानणार? मी नाक खाली घेतलं. यावेळी दोर धरू दिले. एअरशिप थांबलं. एक वाजून चोपन्न मिनिटं. पन्नास पावलांवर सबनीसची जीप इंजिन चालू ठेवून उभी. हजेरीच्या तंबूपर्यंत जीपनं तीन मिनिटं. सगळं व्यवस्थित जमलेलं.

इंगवलेनं दार उघडलं.

"दस्तगीर," मी खिडकीतून ओरडलो, "पोती!"

दस्तगीर दाराखाली उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग मागे वळून त्या कापडी बोंग्याकडे पाहिलं. मग पुन्हा माझ्याकडे. सतरा वर्षं माझ्याबरोबर असलेला माणूस, हवाई दलापासूनचा. माझ्या तोंडावर त्यानं काय वाचलं मला ठाऊक नाही, मी काही खुणावलं नव्हतं.

"पोती पार त्या टोकाला ऱ्हायली, साहेब," तो म्हणाला. "दोनदा जागा बदलली न्हवं. आणतो."

"पळ मग!" सबनीस किंचाळला.

दस्तगीर निघाला. पळाला नाही. इतक्या सावकाश चालणारा माणूस मी पुन्हा पाहिलेला नाही. लग्नात वरमाय चालते तसा, आजूबाजूला बघत, मधे एकदा थांबून चपलेतला खडा काढत.

"मारा उडी!" सबनीस ओरडत होता. "सम्राट, मारा उडी! चार फूट तर आहे!"

खरंच चार फूट होतं. दार उघडं होतं, जीप समोर होती. इंगवलेचा हात चौकटीवर होता. त्यानं खाली पाहिलं. दोर धरलेली उरलेली अकरा माणसं त्याच्याकडेच बघत होती, त्यातले चार-पाच त्याच्या डावीकडे. ती बघायला त्यानं मान पूर्ण वळवली.

"मी उतरलो तर?" त्यानं मला हळूच विचारलं.

"तर हे वर जाईल. दोर सोडले तर मी जाईन. नाही सोडले तर तेही येतील."

एक छप्पन्न. सत्तावन्न. लाऊडस्पीकरवरून ड्रायव्हरांना बोलावत होते. त्याचं नाव दोनदा घेतलं. हलगी थांबली होती.

तो खाली बसला. खुर्चीत नाही, दारातच, पाय बाहेर सोडून. आणि रडायला लागला. मी त्याच्या डावीकडे होतो म्हणून त्यानं तोंड लपवलं नसेल, किंवा लपवायची ताकद उरली नसेल. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.  थर्मासमध्ये चहा होता, तो दिला. यावेळी उजवीकडून. त्यानं घेतला.

दोन वाजून चार मिनिटांनी दस्तगीर पोती घेऊन आला.

"उतरा, साहेब," तो म्हणाला. "सावकाश."

इंगवलेनं बाही डोळ्यांवरून फिरवली, मग माझ्याकडे वळला. "मी आता तुम्हाला शिव्या घालणार," तो पुटपुटला. "सगळ्यांच्या देखत."

"घाला."

घातल्या. कॅमेरे लागले होते, त्याचे वडील आप्पा पळत आले होते, ट्रकभर माणसं आली होती. मला वाटलं होतं दोन-चार देईल आणि आटोपेल. कसलं काय! पाच मिनिटं चाललं. माझी आई, माझं शिक्षण, माझं पोट, काही सोडलं नाही. त्यातल्या दोन शिव्या मी हवाई दलातही ऐकल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी पेपरात पहिल्या पानावर फोटो. तो बोट रोखून ओरडतोय, मी मान खाली घालून उभा. वर मथळा: 'फुग्यानं घात केला!'

त्याच्या गाडीत राखीव ड्रायव्हर बसला, ओंकार तोडकर नावाचा. तिसऱ्या वळणावर डावीकडून एक लाल गाडी फटीत घुसली, काही कारण नसताना. तोडकरनं ती पाहिली, ब्रेक दाबला, जागा दिली आणि अकरावा आला. पेपरात याबद्दल एक ओळ नव्हती. मी टीव्हीवर तेवढा तुकडा तीन वेळा पाहिला.

सबनीस शब्दाचा पक्का निघाला. पुढच्या वर्षी फुगा नव्हता आणि मीही नव्हतो. एअरशिपमधला हेलियम सोडला तेव्हा मी मुद्दाम गेलो नाही. इंगवलेनं एप्रिलच्या आधीच निवृत्ती जाहीर केली, कारण सांगितलं गुडघा. त्याच्या मुलाखतीत माझा उल्लेख असतो. "एका फुगेवाल्यामुळे माझी शेवटची शर्यत हुकली," असं तो अजून सांगतो. आणि सासरच्या प्रत्येक लग्नात, जेवणाची पंगत बसली की श्रीपादराव चार माणसांत मला हाक मारतात, "काय जावईबापू, आज वारा कसा काय?" मग सगळे हसतात. मी म्हणतो, वर आहे.

गेल्या दिवाळीत मिरजेच्या घरी कुरिअरनं एक चपटं खोकं आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं. आत तेच पेपरचं पान, चांगल्या सागवानी चौकटीत बसवलेलं. चिठ्ठी वगैरे काही नाही. मी चष्मा लावून बघितलं. फोटोत तो बोट रोखून ओरडतोय, मी मान खाली घालून उभा. आणि आमच्या दोघांच्या मागे, पार कोपऱ्यात, खांबावर तो वाऱ्याचा बोंगा, सरळ खाली लोंबलेला. लाखभर लोकांनी तो फोटो पाहिला असेल. अकरा वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

त्या बोंग्याभोवती कुणीतरी लाल पेनानं गोल केला होता.

चौकट मी दिवाणखान्यात लावली आहे. श्रीपादराव आले की मथळा मोठ्यानं वाचतात.